कटतीची ओळ

नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये, वजनकाट्याच्या वरच्या खोलीत, माझा सहकारी माझ्या शेजारी बसून पीएचपी या संगणकाच्या भाषेत काट्याचा प्रोग्राम लिहितो. त्याच्या क्लासमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्यात, काही गुणधर्म कुठेच जाहीर केलेले नसतात; मागितले की जादूसारखे हजर होतात. अशा प्रत्येकाचं नाव तो क्लासच्या डोक्यावर '@property' लावून लिहितो आणि खाली स्वतःचं नाव टाकतो. "आपल्या मांगून येनाऱ्याले समजलं पाह्यजे ना बे," म्हणतो. कापसाच्या गाड्या लागल्या, की मात्र खिडकी लावून घेतो. मला वाटायचं, धुळीमुळे.

बोंडअळीच्या साली जिनिंगच्या मालकानं त्याच्याकडून या प्रोग्राममध्ये एक दुरुस्ती करून घेतली होती. ती परवा माझ्या नजरेस पडली. वजन मागितलं, की 'कटती' नावाचा एक गुणधर्म गुपचूप त्यातून थोडा कापूस कमी करतो. क्लासच्या डोक्यावर त्याची ओळच नव्हती.

"हे काऊन नाही लिहिलं?" मी विचारलं.

तो कीबोर्डवरची धूळ पुसत राहिला. "लिहिलं की दिसते," म्हणाला. "माह्या बापाचा कापूस बी याच काट्यावर येते."

मग त्यानं ओळ लिहिली, खाली नाव टाकलं. ओळ लिहून कटती थांबत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. त्यानं उठून खिडकी लावली. खाली तेव्हा एकही गाडी नव्हती.