दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर

आई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली, त्यानंतर मी डोंबिवलीच्या घरात कॅमेरा लावला. तो चालायचा आमच्या जुन्या, लिनक्स टाकलेल्या कॉम्प्युटरवर. नौपाड्याच्या ऑफिसात बसून मी मोबाईलवर आईला बघायचे. ती टीव्हीसमोर भाजी निवडताना दिसली की माझा जीव भांड्यात पडायचा.

एका दुपारी चित्र गेलं. आईचा फोन बंद. शेजारचे सगळे कामावर, विचारायचं कोणाला? तासाभराने चित्र आपोआप परत आलं, तर आईसाहेब आपल्या मेथी निवडतायत. लाईट गेलेली का विचारलं, तर म्हणाली, नाही गं, तुझं मशीनच गंडलंय.

पंधरा दिवसांत असं तीनदा झालं. मी सगळा राग त्या डबड्यावर काढला. अख्खा रविवार रॅम तपासली, धूळ काढली, पॉवर सप्लाय नवा बसवला. कॉम्प्युटर रीतसर बंद झाला तर तशी नोंद ठेवतो. इथे नोंद मध्येच तुटलेली, खाली एकदम तासाभरानंतर चालू झाल्याची ओळ. म्हणजे वीजच जात होती, आली की तो आपला आपण सुरू होत होता, आणि घरात आईशिवाय कोणी नव्हतं. लाईट गेली नाही म्हणते, मग हिला आता काही आठवत नाही की काय?

चौथ्यांदा चित्र गेलं तशी मी तडक घरी निघाले. कुलूप उघडलं. आत अंधार, खिडक्या-पडदे बंद. आई पॅसेजमध्ये जमिनीवर, नाकाला ओला टॉवेल लावून बसलेली. मागे जवळच्या केमिकल कंपनीत स्फोट झालेला तेव्हा खिडकीच्या काचा तिच्या अंगावर आल्या होत्या. तेव्हापासून केमिकलचा वास आला की ती ठिणगी नको म्हणून मेन स्विच आणि मोबाईल बंद करायची आणि काचांपासून लांब बसायची. एकटीच.

"अगं, मला सांगायचं नाही का?" मी ओरडलेच.

"सांगून काय? तूही तिकडे घाबरत बसली असतीस."

उघड्या दारातून वास आत आला. मी दार लावलं आणि तिच्या शेजारी बसले. तिने टॉवेलचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, मेन लावू का?

"थांब जरा," म्हटलं, आणि माझाही मोबाईल बंद केला.