चपला वाजल्या की पत्ताकोबी

पाच जानेवारी, नांदेड. लेकीनं पाठवलेल्या मंद आचेच्या विजेच्या कुकरमध्ये चिकन सॉसेज आणि पत्ताकोबीचं सूप करायचं होतं. संध्याकाळी लातूरची नणंद येणार होती. वीस वर्षांत माझ्या हातच्या कशालाही ती ‘बरंय’च्या पुढे काही म्हणालेली नाही.

मंडईतली भाजीवाली प्रत्येक गड्डा कानाशी धरून दाबायची. करकर ऐकू आली तरच द्यायची. सूप करायचंय म्हटल्यावर तिनं कृती विचारली. सगळं आठ तास शिजवायचं, मी म्हणाले.

“आठ घंटे? या अल्ला! बाई, पत्ताकोबीनं काय गुन्हा केला?” ती इतकी हसली की गड्डा हातातून सुटला, मग मीही हसत सुटले.

“ते चिकनचं शिजू द्या दिवसभर. मेहमानाच्या चपला दारात वाजल्या की पत्ताकोबी टाका. गप्पा होस्तोर शिजती.”

संध्याकाळी चपला वाजल्या आणि मी स्वयंपाकघरात पळाले.

“वहिनी, आधी मला आत तर घे!” नणंद दारातून ओरडली.

जेवताना तिनं तीन वाट्या सूप संपवलं आणि चक्क म्हणाली, “लई भारी झालंय गं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भरलेली बॅग पुन्हा उघडली. “आता उद्याच जाते,” ती म्हणाली. मी मंडईची पिशवी घेऊन निघाले.