गड्याचं नाव

वहिनी गेली हे मला आदिलाबादच्या कचेरीत फोनवर कळलं. फोन आमच्या गावाहून, तामसीहून होता आणि पलीकडे कौसाबाई होती. वहिनीची शेजारीण, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचलेली. फोनवरही ती शेताच्या धुऱ्यावरून हाक मारल्यासारखीच बोलते. "बाई गेली वं!" ती ओरडली. "सकाळी चहा ठेवला अन् बसल्या जागी गेली." आणि त्याच दमात पुढचं सांगून टाकलं, "पुस्तक माह्यापाशी हाय. मी कोनाला देनार नाई." ... मरणाच्या निरोपात पुस्तकाचं काय, असं कुणाला वाटलं तर वाटो. आमच्या गावात कुणाला वाटलं नसतं.

भावाशी लग्न होऊन ती आली तेव्हा मी शाळेत होते. आमच्या बौद्धवस्तीतली ती पहिली नोकरदार बाई, मराठी शाळेत मास्तरीण. जीभ अशी तिखट की माझ्या आईनं पहिल्याच महिन्यात हात टेकले. मी एखादं पुस्तक वाचून संपवलं की वहिनी पोळ्या लाटता लाटता विचारायची, "मत काय तुझं?" चांगलं आहे, एवढं म्हटलं की लाटणं थांबायचं. "चांगलं म्हणजे? भाजी आहे का ती? मत नसेल तर नुसती पानं उलटलीस." मला तेव्हा राग यायचा. आता कुणी मला मत विचारत नाही, त्याचा जास्त येतो.

पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचतात. वाचायची वहिनीच. एका वर्षी आश्विन पौर्णिमेला ग्रंथ संपला, खीर वाटून झाली, तरी बायका उठेनात. सवय लागली होती ना! कौसाबाई म्हणाली, "आता काय वाचतं?" वहिनीनं नुकतीच यवतमाळहून एक जाडजूड कादंबरी आणली होती. एका देशमुख घराण्याच्या चार पिढ्यांची. दुसऱ्या दिवसापासून तीच सुरू झाली. बायका कापूस वेचून यायच्या, हातपाय धुवायच्या आणि ग्रंथाला बसतात तशाच डोक्यावर पदर घेऊन बसायच्या. मात्र ग्रंथाला गप्प बसणाऱ्या याच बायका कादंबरीला पानापानावर मत द्यायच्या. थोरल्या सुनेचं रडणं चार दिवस चाललं तेव्हा कौसाबाई वैतागली. "इतकी रडते काऊन हे? एक दिवस वेचनीला धाडा तिले." तरी त्या सुनेला मुलगा झाला तेव्हा गूळ कौसाबाईनंच वाटला.

दुसरी पिढी संपत आली आणि एक ओळ आली. त्या पावसाळ्यात साप चावून गडी मेला, दुसरा ठेवला. एवढंच. वहिनी पुढचं वाक्य वाचायला लागली तर कौसाबाई म्हणाली, "थांब. नाव काय त्याचं?"

"दिलेलं नाही."

"मांगं पाह्य."

वहिनीनं मागची पानं चाळली. कंदिलाच्या उजेडात बराच वेळ चाळली. घोड्याला नाव होतं. कुत्र्याला होतं. तीस वर्षं त्या घराण्याची औतं हाकणाऱ्याला नव्हतं. कौसाबाईचा बापही सालगडी होता आणि असाच साप चावून गेला होता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ती म्हणाली, "सोमा लिव्ह. माह्या बापाचं नाव." वहिनीनं निळ्या पेनानं समासात लिहिलं. कौसाबाई एवढ्यावर थांबणारी नव्हती. "मानूस मेला तं पुण्यानुमोदन नको का त्याचं?" आणि खरंच, त्या रविवारी विहारात मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, छापील कागदावर मेलेल्या माणसाच्या नावानं सगळ्यांनी जेवण केलं. गावातले लोक हसले. हसू देत. त्यांच्या घरच्या गड्यांची नावं तरी त्यांना सांगता आली असती का, विचारा.

पुढं त्याच कादंबरीवर आदिलाबादला वाचकांची सभा झाली. मी वहिनीसोबत गेले होते. जो उठला तो कौतुक करून बसला. केवढा पट, काय भाषा! वहिनीला दोन मिनिटं दिली होती. ती म्हणाली, "पुस्तक चांगलं आहे. चांगलं आहे म्हणूनच राग येतो. चार पिढ्या जेवल्या, पण पिकवलं कुणी?" आणि तिनं सोमाची गोष्ट सांगितली. अध्यक्ष हसून म्हणाले, "बाई, ही घराण्याची कादंबरी आहे. लेखकानं नावं तरी किती जणांना द्यायची?"

"घोड्याला दिलंय की."

कुणीतरी माइक बंद केला. वहिनी जागची हलली नाही. "आमच्या शाळेत माइक नाही," ती म्हणाली, "मला सवय आहे." आणि राहिलेलं सगळं बोलून, पाणी पिऊन, मगच खाली उतरली.

रविवारच्या पुरवणीत सभेची बातमी आली. अध्यक्षांचं नाव, पाहुण्यांचं नाव, हार घालणाऱ्याचंसुद्धा नाव. शेवटी एक ओळ होती. एका शिक्षिकेने वेगळा सूर लावला. वहिनीनं पेपर माझ्यापुढं टाकला. "बघ," ती म्हणाली, "मीही गडीच झाले." ती हसत होती, पण तो पेपर तिनं रद्दीत दिला नाही, कादंबरीत सोमाच्या पानात ठेवला.

तिला जाऊन महिना उलटला. परवा पुन्हा गावी गेले होते. भाऊ आधीच गेलेला, वहिनीच्या घराला आता कुलूप आहे. कौसाबाईनं फळीवरून लुगड्यात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. तिला वाचता येत नाही, पण पुस्तक आपोआप त्याच पानावर उघडतं. निळ्या अक्षरांवर बोट ठेवून तिनं मला विचारलं, "तू बाईवर पेपरात लिवून राह्यली म्हनते?"

"हो. त्याच पुरवणीत."

"मंग नुसतं बाई, वैनी नको लिवू. नाव लिव्ह. दोगायचंबी."

"गाळलं त्यांनी तर?"

"तं तू जाय अन् बोल. माइक बंद करतीन, आनखी काय करतीन?"

तर संपादकसाहेब, जागा कमी पडली तर वरचं काय हवं ते कापा, माझं नावसुद्धा कापा. एवढ्या दोन ओळी ठेवा.

गड्याचं नाव सोमा.

बाईचं नाव रत्नमाला.