धाकट्या भावाचा हिरवा सरडा

माझा धाकटा भाऊ कुवेतला आला तेव्हा मला तिथे चार वर्षं झाली होती. पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी मुरगाबमध्ये एका जहाजांच्या एजंटाकडे कारकून होतो आणि रत्नागिरीकडच्याच आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहत होतो. भावाला मी अहमदीला, तेलकंपन्यांच्या साहेबांची वस्ती होती तिथे, एका अमेरिकन इंजिनियरच्या बंगल्यावर घरकामाला लावून दिलं. त्याच्या-माझ्यात आठ वर्षांचं अंतर. तो जाणता झाला तेव्हा मी मुंबईला, मग कुवेतला. खरं सांगायचं तर तो मला फारसा माहीत नव्हता.

वर्षभरात त्या इंजिनियरची बदली झाली. जाताना मडमने भावाला एक काचेची पेटी दिली. तीत वीतभर लांबीचा हिरवागार सरडा होता, ओल्या केळीच्या पानासारखा. ती मंडळी त्याला अनोल म्हणायची. त्यांच्या गावी म्हणे तो परसातल्या झुडपांवर असतो. मडमने तो हौसेने विमानातून आणला होता, पण आता पुढचा मुक्काम कुठे ते तिलाच ठाऊक नव्हतं. भाऊ पेटी मांडीवर घेऊन बसने मुरगाबला, आमच्या खोलीवर राहायला आला.

खोलीतले सगळ्यात वडीलधारे चाचा बाणकोटकडचे, सुतारकाम करणारे. पेटीवर नुसतं फडकं बांधलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी सरडा निसटला आणि भिंतीवर चढला. पाल मारणं सवाबाचं, म्हणजे पुण्याचं काम, असं मानणाऱ्यातले चाचा. त्यांनी चप्पल उगारली. भावाने मधे हात घातला आणि चप्पल त्याच्या मनगटावर बसली.

"चाचा, ही पाल नाही," तो म्हणाला. "सरडा आहे. मला एकट्याला सांभाळायला दिलाय."

त्या शुक्रवारी चाचांनी पेटीला लाकडी चौकटीचं, जाळीचं झाकण करून दिलं.

बंगल्यावरचं काम सुटल्यावर भाऊ एका किराणा दुकानात, बकालात, लागला. दुकानात खजुराची पोती असायची, त्यामुळे माश्यांना तोटा नव्हता. तो बाटलीत साखरेचं पाणी घालून माश्या पकडायचा आणि जिवंत आणायचा, कारण मेलेल्या माशीकडे सरडा ढुंकूनही बघत नसे. फिंतासच्या मळ्यांतून त्याने रैहानचं रोप आणलं. रैहान म्हणजे आपला सब्जाच. रोप कुंडीत लावून कुंडी पेटीत ठेवली. वर एक बल्ब टांगला. सकाळी नमाजानंतर तो बोटं बुडवून पानांवर पाणी शिंपडायचा आणि सरडा पानावरचे थेंब जिभेने टिपायचा. भाऊ उकिडवा बसून ते पाहत राही. मी दाढी करता करता त्याला उठ म्हणून सांगायचो, कामाला उशीर होईल.

राहण्याचा परवाना नवा करायच्या वेळी त्याच्या छातीचा एक्स-रे काढला. फुप्फुसावर डाग निघाला. त्याला पहिल्या बोटीने परत पाठवायचं ठरलं. माझ्या हाती चार दिवस होते आणि त्यांतले तीन मी कागदपत्रांत घालवले. चौथ्या दिवशी भावाने मला पेटीपुढे बसवलं. बल्ब कधी लावायचा, कधी काढायचा. हातात उगाच घ्यायचं नाही, शेपटी तुटते. पाणी फक्त पानांवर, वाटी ठेवून चालत नाही. मी मान हलवत होतो. माझं सगळं लक्ष दुपारच्या बोटीकडे होतं.

पहिला आठवडा मी सगळं तसंच केलं. मग थंडी पडली, बंदरात एकामागून एक जहाजं लागली. बोटं बुडवून पानांवर शिंपडत बसणं मला पोरखेळ वाटू लागलं. मी एक वाटी काठोकाठ भरून पेटीत ठेवली. बल्ब जळला, तो चार दिवस बदलला नाही. सरडा तपकिरी पडला. सरड्याचा रंग बदलायचाच, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच्या कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या, डोळ्यामागे काळा डाग आला होता. ते मला दिसत होतं. एका सकाळी तो कुंडीच्या बुडाशी पडलेला सापडला. शेजारी वाटी भरलेलीच होती.

मी त्याला वर्तमानपत्रात गुंडाळून गल्लीतल्या कचऱ्याच्या पिंपात टाकलं आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी आलो तर चाचांनी पेटी धुऊन पुसून ठेवली होती.

"इतक्यात त्याला कळवू नकोस," ते म्हणाले. "आधी बरा होऊ दे."

भाऊ तेव्हा मिरजेच्या बाजूला एका सॅनिटोरियममध्ये होता. तोवर माझी पत्रं म्हणजे दोन ओळी असत: पैसे पाठवले, तब्येतीला जप. त्याच्या पहिल्या पत्रात मात्र सरड्याबद्दल सात-आठ प्रश्न होते. मला उत्तर देणं भाग होतं. मी लिहिलं की सरडा मजेत आहे, माश्या खातो, वाटीतलं पाणी पितो. पुढच्या पत्रात त्याने आणखी विचारलं. तसा मी लिहीत गेलो. तो काचेत स्वतःलाच पाहून गळ्याखालची गुलाबी पिशवी कशी फुगवतो, चाचा नाराज असूनही त्याच्यासाठी पतंग कसे धरून आणतात, फिंतासहून मी नवं रोप कसं आणलं. रोपासाठी तर मी खरंच फिंतासला जाऊन आलो, म्हणजे लिहिताना चुकायला नको. हवाई टपालाची निळी पत्रं पुरेनाशी झाली, मी समासातही लिहू लागलो. दीड वर्ष हे चाललं. मला त्याची लाज वाटे, आणि शुक्रवारी दुपारी लिहायला बसलो की बरंही वाटे.

रजेवर गावी गेलो तेव्हा तो घरी आला होता. खूप वाळला होता, पण खोकला नव्हता. आई स्वयंपाकघरात होती. मागच्या पडवीत आम्ही दोघंच बसलो होतो. मी त्याला सगळं सांगितलं, पिंपापर्यंत.

तो म्हणाला, "मला ठाऊक होतं, भाई."

"कधीपासून?"

"तुझ्या पहिल्याच उत्तरापासून. वाटीतलं पाणी पितो असं लिहिलं होतंस. तो वाटीला तोंड लावत नाही."

मग इतके दिवस विचारत का राहिलास, असं मी विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"नसतं विचारलं तर तू दोन ओळी लिहिल्या असत्यास."

आईने जेवायला हाक मारली, आम्ही उठलो.

मी पुन्हा कुवेतला गेलो. त्याला परत यायची परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. त्याने गावीच छोटं दुकान टाकलं, लग्न केलं. जाताना मी मनाशी ठरवलं होतं की आता खरं खरं, भरपूर लिहायचं. दोन-तीन पत्रं लिहिलीही. ऑफिस, उन्हाळा, चाचा कायमचे गावी गेले ते. पण खऱ्या गोष्टी लिहायला बसलो की पान भरत नसे. त्याच्याकडूनही विचारणा कमी झाली. काही महिन्यांत मी पुन्हा पैसे आणि तब्येत यांवर आलो, आणि त्याने ते मुकाट्याने चालवून घेतलं.

चार वर्षांनी त्याचं दुखणं उलटलं. तार आली तेव्हा दफन होऊन गेलं होतं. मला बोट मिळून घरी पोचेपर्यंत चाळिसाव्या दिवसाचा विधीही उरकला होता.

त्याची बायको वीस-एकवीस वर्षांची होती. ती दाराआड उभी राहून माझ्याशी बोलली. कुवेतबद्दल ते फार सांगत नसत, ती म्हणाली. तिकडे त्यांचे दोस्त कोण होते, जेवण आवडायचं का, घरची आठवण काढून कधी रडले का. मी प्रत्येक प्रश्नाला अंदाजाने काहीतरी सांगत गेलो. तिच्या ते लक्षात आलं असावं. मग तिने विचारलं, "खोलीत ते कुठे झोपायचे?"

"दाराशी," मी म्हटलं. तेवढं मला नक्की माहीत होतं.