दाराआडचे वाचन

माझे वडील, आबा, नंदुरबारच्या नगरपालिकेचे मेंबर होते. संध्याकाळच्या गाडीने मुंबईचा पेपर येई आणि आमच्या ओट्यावर मंडळी जमत. सुपारी कातरली जाई, कंदिलाची वात वर होई. मी दाराआड बसून मोठ्याने वाचायची. बातमी संपली की थांबायची. आबा म्हणत, "पुढे वाच, माय." मगच पुढची बातमी.

ज्या वर्षी मी चौथी पास झाले, त्या वर्षी मुलींची शाळा माझ्यापुरती संपली. पाचवीचा वर्गच नव्हता. मुलांना मात्र मॅट्रिकपर्यंत वाट मोकळी होती. आबांनी ओट्यावरच्या बैठकीत पाचवीचा विषय काढला. शेजारचे अडत्या काका, तेही मेंबर, हसून म्हणाले, "पोर इतलं चांगलं वाचस. आते काय तिले बालिस्टर करनं शे?" सगळे हसले. आबाही हसले. मी आत पेपराची घडी घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी आबांनी पेपर आत न देता मांडीवरच ठेवला. शाळा नाही, तर वाचनही नाही, एवढेच म्हणाले. काकांना वाचता येई ते गुजरातीच, आणि मंडळींतल्या पेन्शनर मामलेदारांना दोन ओळींत खोकला लागे. लढाईचे दिवस होते. बातमीशिवाय कुणाला करमेना. काही संध्याकाळी नुसती सुपारीच कातरली गेली. शेवटी काका म्हणाले, "मीटिंगमा हात वर करसू मी. आते पोरले बलाव."

शाळेच्या पडवीत पाचवी सुरू झाली. आम्ही चौघीच होतो.

मग आबांनी धडगावकडच्या डोंगरी पाड्यांवर शाळा मागणारा अर्ज लिहिला आणि तो ओट्यावर सह्यांसाठी फिरवला. तिथे शाळाच नव्हती, चौथी-पाचवी दूरच राहिली. मंडळींनी अर्ज पाहिला, अक्षराची तारीफ केली आणि चहा मागवला. डोंगरातल्या पोरांनी त्यांना कधी पेपर वाचून दाखवला नव्हता. अर्जावर एकट्या आबांची सही राहिली.

शेवटच्या आजारात त्यांना दिसेनासे झाले, तेव्हा मी सासरहून येऊन पेपर वाचून दाखवी. डोंगराकडची एखादी बातमी आहे का, असे ते रोज विचारत. बहुतेक नसेच.

आता पेपर घरोघरी येतो आणि मी मनातच वाचते. तरी बातमी संपली की नजर थांबते. पुढच्या ओळीवर जायला मला अजूनही वेळ लागतो.