कल्पिताने दिलेला फूट फॉल्ट

कल्पिता घरतला राग यायला कारण लागत नाही, असं तिच्या सासरी म्हणतात. हे खोटं आहे. कारण लागतं, आणि बहुतेक वेळा ते समोरच्या माणसानेच पुरवलेलं असतं. उरणजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या गेटवर ती नऊ वर्षं सील तपासते. कागदावरचा नंबर आणि कंटेनरच्या दारावरच्या सीलचा नंबर जुळला नाही, की ट्रेलर बाजूला. मग ड्रायव्हर हात जोडो, शिव्या देवो, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याला फोन लावो.

"ताई, एकच आकडा चुकलाय," असं कोणी म्हणालं की ती म्हणते, "मग एक आकडा चुकवून घरी फोन लाव बघू. बघ कोण उचलतंय."

टेनिस तिच्याकडे आडवाटेने आलं. बाप भिकू मिठागरात राबला. मिठागर गेलं, तिथे बंदरावरच्या साहेबांची वसाहत उठली आणि वसाहतीच्या क्लबात दोन टेनिस कोर्टं झाली. बारावीनंतर कल्पिता त्या क्लबात नोंदणीच्या टेबलावर बसायला लागली. पनवेलला लाइन अंपायरांचं शिबिर निघालं तेव्हा क्लबाला एक नाव पाठवायचं होतं. कोणी जाईना, म्हणून हिचं गेलं. रॅकेट आयुष्यात हातात न धरलेली पोरगी परीक्षेत पहिली आली. रेषेवर नजर ठेवायची आणि दिसलं ते ओरडून सांगायचं, एवढंच काम. ते तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

पुढे लग्न झालं, यार्डाची नोकरी लागली, तरी रजा टाकून ती पेण, ठाणे, नाशिक करत राहिली. बारा वर्षं शाळकरी पोरांच्या स्पर्धांमध्ये उन्हात उभी राहिली, तेव्हा कुठे डेव्हिस कपचं बोलावणं आलं. एरवी स्वतःसाठी खेळणारे टेनिसपटू या स्पर्धेत देशासाठी खेळतात. लढत खालच्या गटातली होती, त्यामुळे रेषा बघायला यंत्रं नव्हती. माणसांचेच डोळे. मुख्य पंच आणि सगळ्या पंचांवर देखरेख ठेवणारा रेफ्री परदेशी, पण लाइन अंपायर यजमान देशाचे.

शनिवारी दोन्ही संघांनी एकेक सामना जिंकला. रविवारी दुहेरी आपण घेतली, पुढचा सामना पाहुण्यांनी घेतला. दोन-दोन. आता सगळं शेवटच्या सामन्यावर, आणि आपल्याकडून खेळणार होता अल्पेश. कोर्टाच्या एका टोकाची बेसलाइन, म्हणजे जिच्यामागून सर्व्हिस करतात ती रेषा, कल्पिताकडे होती.

सामन्याआधी ती चहा घेत होती. आयोजन समितीतले पियूष सर शेजारी येऊन उभे राहिले.

"बेसलाइन तुमची ना, मॅडम? अल्पेशचा डावा पाय जरा सरकतो. तुम्हाला माहीतच आहे."

"मला काय माहीत आहे?"

"म्हणजे, नजर बॉलवर असू द्या. आपलाच मुलगा आहे."

"सर्व्हिसच्या वेळी बेसलाइनवाल्याची नजर पायावर असते, सर."

"चिडताय कशाला? शेवटी छातीवर तिरंगा आहे त्याच्या."

कल्पिताने कप खाली ठेवला. हे तेव्हाच रेफ्रीला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण सामना पाच मिनिटांवर आला होता. त्या चुकीसाठी ती अजून स्वतःवर चिडते.

पहिल्या सेटमध्ये सर्व्हिस मारण्याआधीच अल्पेशचा पाय रेषेवर आला. तिने ओरडून फूट फॉल्ट दिला. त्याने वळून पाहिलं, वीतभर मागे सरकला आणि सेट जिंकला. दुसरा गेला. तिसऱ्यात तो दमला आणि पाय पुन्हा पुढे यायला लागला. रेषेला टेकायचा नाही, जेमतेम. पाच-सहाने मागे, स्वतःची सर्व्हिस, तीस-चाळीस. हा गुण गेला की सगळं संपलं. पहिली सर्व्हिस जाळीत गेली; दुसरीही चुकली तर गुण पाहुण्यांचा. चार हजार माणसं गप्प.

दुसऱ्या सर्व्हिसला त्याने चेंडू उंच टाकला, आणि बुटाचं टोक पांढऱ्या रेषेवर आलं. चांगलं दोन बोटं.

"फूट फॉल्ट!"

आपल्याच आवाजाने ती दचकली, इतकं सगळं शांत होतं. मुख्य पंचाने सामना पाहुण्यांना दिला आणि मग आकाश कोसळलं. पाण्याच्या बाटल्या कोर्टावर आल्या. तिच्या आईपर्यंत पोचणाऱ्या शिव्या आल्या. अल्पेश थेट तिच्यासमोर आला.

"मॅच पॉइंट पे कोई देता है क्या?"

पाय नव्हता, असं तो म्हणाला नाही. कल्पिताने ते तेव्हाच टिपलं, आणि तिच्या कानशिलांत जी आग उठली ती आजवर विझलेली नाही.

आतल्या खोलीत पियूष सर टाइप केलेला कागद घेऊन तयारच होते. 'प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे माझ्याकडून चूक झाली असावी.' खाली तिचं नाव, सहीला जागा.

"सही करा, म्हणजे विषय संपेल. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"गोंगाट? सुई पडली असती तरी ऐकू आली असती."

तिने त्यांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं. कागद उलटा केला, चहाच्या वेळी ते काय बोलले ते शब्दाला शब्द लिहिलं, वेळ घातली, सही केली आणि तो कागद परदेशी रेफ्रीच्या हातात दिला. कागदाच्या दोन्ही बाजूंच्या मजकुराचा अर्थ तिने तोडक्यामोडक्या इंग्रजीत स्वतः सांगितला. पियूष सरांनी पेनही परत मागितलं नाही.

गावात ती पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला होता. त्यात पाय दिसत नव्हता, फक्त ओरडणारी कल्पिता दिसत होती. धाकट्या दिराने, सुजितने, तो गावाच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं होतं, 'घरभेदी'. नवरा दिपेश ट्रेलर उभा करून आला आणि जेवता जेवता म्हणाला, "यवढा एक सोरून दिला असता तं?"

"तुमी मला हे विचारताव?" ती म्हणाली. त्याच्या ताटात भात वाढता वाढता पातेलं तिथेच आपटून ती माहेरी गेली.

आई कमळ अंगणात सुकट निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"काय गो, रेघेवर पाय व्हता ना त्याचा?"

"व्हता."

"मंग झाला तं. बस, जेव."

चौकशी झाली. पियूष सर वर्षभर समितीतून बाहेर राहिले आणि परत आले ते वरच्या खुर्चीवर. कल्पिताला आंतरराष्ट्रीय लढतीचं बोलावणं पुन्हा आलं नाही. एकदा कोणीतरी फोनवर सुचवलं, तो कागद मागे घ्या, पुढच्या वेळी नाव घालू. तेव्हा ती गेटवर होती. "नाव माझंच हाय, ते मी कुठं बी घालीन," म्हणत तिने फोन ठेवला आणि पुढच्या ट्रेलरला हात केला.

अल्पेशचा पुढचा डेव्हिस कपचा सामना दिपेशने टीव्हीवर लावला. दोन-तीन गेम झाले आणि तो पुढे सरकून बसला.

"हा तं रेघेच्या चांगला हातभर मागं उभा ऱ्हातोय गो."

"आता दिसला तुमाला?"

ती उठली. चपला पायात सरकवल्या आणि चार घरं पलीकडे सुजितच्या दारात जाऊन उभी राहिली. तो जेवत होता.

"ग्रुपवर टाकलंस, तसं ग्रुपवरच लिही. आत्ता."

"जेवून लिवतो, वयनी."

"भात थंड झाला तरी चालंल."

डाव्या हाताने त्याने लिहिलं, 'वहिनी बरोबर होत्या.' तिने फोन घेऊन वाचला आणि परत त्याच्यापुढे धरला.

"वहिनी काढ. कल्पिता घरत लिही. आणि घरभेदी कोणाला बोल्लास, ते बी लिही."

सुजितने खरकटा हात ताटात झटकला आणि पुन्हा लिहायला घेतलं. ती दारातून हलली नाही.