नांगराच्या साखळीत अडकलेलं बोट

दिवाळीच्या सुट्टीत नणंदेची अकरा वर्षांची मुलगी आंधळगावला आमच्याकडे राहायला आली होती. तिला आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन मी भंडाऱ्याला गेले. वैनगंगेच्या काठी होड्या-जहाजांचं एक लहानसं संग्रहालय आहे, ते दाखवायला. आम्हा तिघींपैकी समुद्र कोणीच पाहिला नव्हता.

पूल नव्हता तेव्हा माणसं नदीपार नेणारी नाव तिथे होती. तिच्या शेजारी बसून ढिवर समाजाची एक बाई जाळं विणून दाखवत होती. शेवटच्या खोलीत कोकणातून आणलेला जहाजाचा नांगर होता. पाटी वाचून पोरी खिदळल्या.

"मामी, ह्या नांगराले बैल कुठं जुपतेत?"

"हा समुद्राच्या तळाले रुतते," मी म्हटलं.

'हात लावू नये' असंही लिहिलेलं होतं. पहारेकरी बाहेर होता. मीच म्हणाले, "लाव हात. लोखंडाले काय होते?"

मी आणि माझी मुलगी पुढे गेलो. भाची मागेच राहिली. हाक मारली तर ओ नाही. परत आले तर तिच्या डोळ्यांत पाणी. साखळीच्या टोकाच्या कडीत तिने बोट मुळापर्यंत घातलं होतं.

"मामी, निघूनच नाही राहिलं."

मी ओढलं. ती किंचाळली, पहारेकरी धावत आला. त्याने साबण आणला, कोणाच्या तरी पिशवीतलं खोबरेल आणलं. कडी सांध्यापाशी येऊन अडायची. बोट फुगत चाललं, टोक निळसर दिसायला लागलं. साखळी नांगराला कायमची ठोकलेली, त्यामुळे पोरीला दवाखान्यात नेण्याचीही सोय नाही. पहारेकऱ्याने साहेबांना फोन लावला. लागेना.

"बाजूले वेल्डिंगवाला आहे," तो म्हणाला. "पण साहेबाले विचारल्याबिगर कसं करू? कापाच लागन वाटते."

हे ऐकताच पोरीचं रडणं थांबलं.

"मामी, बोट कापतीन काय?"

"नाही गं, कडी कापतीन, कडी!" मी सांगत होते, पण तिच्या कानात काही शिरत नव्हतं. माझ्या मुलीने माझा पदर घट्ट धरला होता.

गलका ऐकून जाळं विणणारी बाई आली. तिने एकदा बोट पाहिलं आणि पहारेकऱ्यावर ओरडली, "उभा काय राहिला? साखळी खांद्यावर घे. हात वर राहू दे तिचा."

हात बराच वेळ तसाच वर धरून ठेवला. मग तिने जाळ्याचा बारीक नायलॉनचा धागा तेलात भिजवला. विणायच्या सुईने त्याचं एक टोक कडीखालून आत सरकवलं आणि उरलेला धागा कडीपासून नखाकडे घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळला. पोरीने माझ्या खांद्याला दात लावले.

"दुखन, बेटी. पण बोट तुयंच राहीन," बाई म्हणाली.

आता ती आतलं टोक धरून एकेक वेढा सोडवू लागली. प्रत्येक वेढ्यासरशी कडी केसभर पुढे यायची. सांध्यावर अडली. आणखी एक वेढा, आणि बोट सुटलं. साल निघाली होती, रक्त येत होतं. मी बाईचे पाय धरायला वाकले तर तिने हात धरला. "आधी डाक्टरकडं जा," म्हणाली.

हाड मोडलेलं नव्हतं. संध्याकाळी नणंदेला फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"हात लावाले तूच सांगतलं?"

"हो."

ती म्हणाली, "तिले दे फोन."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने नणंद आली. चहा घेतला, पोरीचं बोट उलटसुलट करून पाहिलं आणि तिची पिशवी भरली. सुट्टीचे चार दिवस उरले होते. पोरीचे दोरीवरचे कपडे मीच काढून आणून दिले.